डबीवरची बारीक अक्षरे

देशातून परतणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाची बॅग उघडून पाहिली तर भाजणी, गोडा मसाला आणि कुळथाचे पीठ यांच्या शेजारी आणखी एक छोटी पिशवी हमखास निघते. तिच्यात दिवाळीच्या उटण्याची पुडी असते, हळदीच्या क्रीमची ट्यूब असते, कैलास जीवनची डबी असते. मंडळी कोकणातली असतील तर मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळाही असतो. इथे आल्यावर हे सारे बाथरूममधल्या कपाटात जाऊन बसते. त्याच कपाटात व्हॅसलिन असते, ड्रगस्टोअरमधले लोशन असते आणि घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर पाच-सात प्रकारची 'सीरम'ही असतात.

या दोन बाजूंची तुलना करायची वेळ आली की आपण बहुधा 'आपले ते नैसर्गिक, त्यांचे ते केमिकल' असे म्हणून मोकळे होतो. मुले हसतात आणि उलट सांगतात की त्यांच्या बाटलीवर निदान आत काय आहे ते तरी लिहिलेले असते. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे आणि थोडी गफलतही आहे. रासायनिक पदार्थ तर हळदही आहे आणि पाणीही आहे. आणि यादी छापली म्हणजे डबीतला माल तपासून झाला असेही नाही.

या यादीचा इतिहास मात्र फार मनोरंजक आहे. डबीत काय आहे ही एक गोष्ट. डबीवर काय लिहिता येते आणि काय लिहावे लागते, ही अगदी दुसरी. या दुसऱ्या गोष्टीवरून अमेरिकेत कायदे झाले, भारतात खटले झाले, आणि एकदा तर आपल्या स्वयंपाकघरातली हळद थेट अमेरिकन पेटंट ऑफिसात जाऊन उभी राहिली. त्या साऱ्याचा हा थोडक्यात आढावा.

यादी आली कुठून?

अमेरिकेत अन्न आणि औषधे यांच्या शुद्धतेचा पहिला मोठा कायदा १९०६ साली झाला. त्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश नव्हता. पावडर, क्रीम, केसांचे कलप या बायकांच्या हौसेच्या गोष्टी. त्यांत सरकारने कशाला पडायचे, असा एकंदर विचार. त्याचे परिणाम १९३०च्या सुमारास दिसले. 'कोरेम्लू' नावाचे अंगावरची लव घालवण्याचे एक क्रीम बाजारात होते. त्यात थॅलियम ॲसिटेट होते, म्हणजे उंदीर मारायला त्या काळी वापरत तो धातू. लव जात असे, पण त्याबरोबर डोक्यावरचे केसही जात आणि हातापायांतली शक्तीही जाई. 'लॅश ल्युअर' या पापण्यांच्या कलपात पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन होते. त्याने काही स्त्रियांचे डोळे गेले आणि एकीचा मृत्यू झाला. यातली कुठलीही गोष्ट त्या काळच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा नव्हती.

अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या एफडीएने, अशा वस्तूंचे आणि त्यांनी केलेल्या इजांच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शनच १९३३ साली मांडले. वर्तमानपत्रांनी त्याला 'भयाचे दालन' असे नाव दिले. तरीही कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९३७ साली सल्फा औषधाच्या एका विषारी द्रावणाने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत लहान मुले बरीच होती, तेव्हा कुठे १९३८चा कायदा मंजूर झाला. त्याने सौंदर्यप्रसाधने प्रथमच सरकारच्या कक्षेत आणली.

या कायद्यातली एक व्याख्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कातडी स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू ती सौंदर्यप्रसाधन. आणि रोग बरा करण्यासाठी, टाळण्यासाठी किंवा शरीराच्या रचनेत अथवा कार्यात फरक पाडण्यासाठी वापरायची वस्तू ते औषध. म्हणजे फरक पदार्थात नाही, हेतूत आहे. आणि हेतू कळतो तो मुख्यतः डबीवर आणि जाहिरातीत काय म्हटले आहे त्यावरून. 'त्वचा मऊ होते' असे लिहिले तर तीच वस्तू प्रसाधन. 'मुरुमे बरी होतात' असे लिहिले तर औषध, आणि मग औषधाचे सारे नियम लागू. म्हणूनच इथे सनस्क्रीन, कोंड्याचा शांपू आणि फ्लोराइडची टूथपेस्ट ही कायद्याने औषधे आहेत.

पण घटकांची यादी १९३८च्या कायद्यातही नव्हती. ती आली १९६६च्या एका वेगळ्याच कायद्यातून. तो कायदा आरोग्याचा नव्हता, मापात पाप होऊ नये म्हणून केलेला वेष्टनांचा कायदा होता. गिऱ्हाइकाला दोन वस्तूंची किंमत आणि माल यांची तुलना करता यावी हा त्याचा उद्देश. त्याच्या आधारे एफडीएने १९७३ साली नियम केला आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन डब्यांवर बारीक अक्षरांतली यादी सर्रास दिसू लागली. म्हणजे ही यादी जन्माला आली तीच मुळी तुलना करण्यासाठी. आपण ती वाचत नाही हा आपला आळस.

ती वाचण्याचे नियम सोपे आहेत. जो घटक सर्वांत जास्त तो पहिला, आणि पुढे उतरत्या क्रमाने. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. सुगंधासाठी कितीही पदार्थ वापरले असले तरी 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दावर भागवता येते. पहिल्यावहिल्या यादीत आणि आजच्या यादीत या बाबतीत फारसा फरक नाही. २०२२च्या डिसेंबरात झालेल्या नव्या कायद्याने कारखान्यांची नोंदणी, मालाची नोंद, सुरक्षिततेचे पुरावे जवळ बाळगणे आणि गंभीर अपाय झाल्यास तो सरकारला कळवणे या गोष्टी सक्तीच्या केल्या. पण विक्रीपूर्वी सरकारची मंजुरी लागते ती आजही फक्त रंगांना, अख्ख्या क्रीमला नाही. म्हणजे यादी ही उत्पादकाने स्वतः लिहून दिलेली कबुली आहे. सरकारी प्रमाणपत्र नव्हे.

औषध की प्रसाधन? परळचा एक वाद

हेतूवरून वर्गवारी करण्याची ही भानगड फक्त अमेरिकेचीच नाही. केशव विष्णू पेंढरकर हे नागपूरकडचे गृहस्थ मुंबईत आले आणि १९५२ साली परळला त्यांनी विको कंपनी सुरू केली. डोंबिवलीच्या मंडळींना हे नाव तिथल्या पेंढरकर कॉलेजमुळे ठाऊक असेल. बाकीच्यांना ते वज्रदंतीमुळे आणि 'ये जो है जिंदगी'च्या आधी लागणाऱ्या जाहिरातींमुळे. दंतमंजनानंतर १९७०च्या दशकात कंपनीने हळद आणि चंदनाचे तेल असलेले क्रीम काढले. जाहिरातीत ते प्रसाधन नसून आयुर्वेदिक क्रीम आहे हे इतक्या आवर्जून सांगितले जाई की लहानपणी आम्हाला तो नुसता यमकाचा खेळ वाटे. खरे तर त्या यमकामागे एक्साइजचा वाद उभा होता.

भारतात प्रसाधनांवर चैनीची वस्तू म्हणून कर जबरदस्त होता आणि आयुर्वेदिक औषधांवर अगदी कमी. केंद्रीय अबकारी खात्याचे म्हणणे, हे तोंडाला लावायचे क्रीम आहे, तेव्हा प्रसाधनाचा कर भरा. कंपनीचे म्हणणे, यातली द्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत, परवाना औषधाचा आहे, तेव्हा हे औषध. भारताच्या १९४०च्या औषधे व प्रसाधने कायद्यात १९६४ साली आयुर्वेदाचे प्रकरण घातले गेले. त्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रमाणग्रंथांची यादी आहे. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, भावप्रकाश वगैरे. घटक त्या ग्रंथांत सापडले पाहिजेत ही अट. म्हणजे तिथेही पुन्हा लिहिलेल्या शब्दालाच किंमत.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद खालच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात कंपनीच्या बाजूने संपला. पण म्हणून ग्रंथात नाव सापडले की खटला जिंकला असेही नव्हते. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळा कौल दिला होता. सामान्य माणूस या वस्तूकडे औषध म्हणून पाहतो की रोज दात घासायचे मंजन म्हणून, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि ते औषध नाही असे ठरवले.

आता गंमत पाहा. तीच हळदीची ट्यूब एडिसनच्या ओक ट्री रोडवर किंवा शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर आली की तिचा खटला उलटा होतो. इथल्या कायद्यात 'आयुर्वेदिक' असा वेगळा वर्गच नाही. औषध म्हणवून घेणे भारतात करासाठी फायद्याचे, तर इथे ते अवघड आणि खर्चाचे. त्यामुळे क्रीम तेच, पण समुद्र ओलांडला की त्याने 'मी फक्त कांतीसाठी' असे म्हणणेच शहाणपणाचे. डबीवरचा मजकूर वाचताना ही पार्श्वभूमी माहीत असावी. त्यावरचा प्रत्येक शब्द वैद्याने लिहिलेला नसतो. पुष्कळदा वकिलाने लिहिलेला असतो.

आजीबाईचा बटवा आणि पेटंट क्रमांक ५,४०१,५०४

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकन पेटंट ऑफिसने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिले. विषय, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. अर्ज करणारे दोघेही संशोधक भारतीय वंशाचे होते, म्हणजे आपल्यासारखेच इथे येऊन स्थिरावलेले. बोट कापले की आईने हळद दाबली नाही असा मराठी माणूस मिळणे कठीण. मग ही गोष्ट 'नवीन' ठरली कशी?

याचे उत्तर कायद्यात होते. त्या वेळच्या अमेरिकन पेटंट कायद्यानुसार एखादी गोष्ट अमेरिकेत आधीपासून वापरात असेल तर ती जुनी ठरे. परदेशात वापरात असेल तर नुसत्या वापराला किंमत नव्हती. तिथे ती छापील लेखात किंवा पेटंटात नोंदलेली असावी लागे. कोट्यवधी घरांतली शेकडो वर्षांची सवय कायद्याच्या दृष्टीने नव्हतीच, कारण ती कागदावर तपासनिसापुढे आलेली नव्हती.

या वेळी भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले, मुंबईत अत्यंत गरिबीत शिकलेले, 'यूडीसीटी'चे केमिकल इंजिनिअर आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक. परिषदेने १९९६ साली पेटंटाच्या फेरतपासणीचा अर्ज केला आणि सोबत ३२ संदर्भ जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होते, काही शंभर वर्षांहून जुने. आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. पेटंटधारकांनी असा बचाव केला की हळदीची पूड आणि हळदीचा लेप यांचे गुणधर्म वेगवेगळे. तपासनिसाला ते पटले नाही. १९९७च्या ऑगस्टमध्ये सारे दावे फेटाळले गेले आणि पुढच्या वर्षी पेटंट अधिकृतपणे रद्द झाले.

तेव्हा या बातमीचा आपल्याकडे मोठा उत्सव झाला आणि तो योग्यच होता. पण तिचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा लावला जातो. हळद जखम भरते हे अमेरिकेने मान्य केले, असा तो निकाल नव्हता. ही गोष्ट आधी लिहून ठेवलेली आहे, एवढेच त्यात मान्य झाले. औषध खरोखर चालते की नाही हा प्रश्न पेटंट ऑफिसात सुटत नाही.

माशेलकरांच्या परिषदेने यातून धडा घेतला. २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे एक डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतले पाठ परदेशी तपासनिसांना वाचता येतील अशा भाषांत आणि वर्गवारीत आणले गेले, आणि पुढे युरोपच्या आणि अमेरिकेच्या पेटंट ऑफिसांना ते खुले करण्यात आले. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या माणसाला याचे महत्त्व चटकन कळते. माहिती असणे वेगळे आणि ती शोधता येईल अशा रीतीने मांडलेली असणे वेगळे. अमेरिकेनेही २०११च्या कायद्याने, जो मार्च २०१३पासून लागू झाला, जगात कुठेही असलेला जाहीर वापर विचारात घ्यायचे मान्य केले.

डबीत खरोखर काय असते?

आता कपाटातल्या वस्तू शेजारी शेजारी ठेवू. कातडी मऊ ठेवणारे पदार्थ ढोबळमानाने तीन जातींचे. पहिले, ओल कोंडून धरणारे. दुसरे, पाणी ओढून घेणारे. तिसरे, कोरड्या पापुद्र्यांमधल्या फटी भरून काढणारे.

व्हॅसलिन हे पहिल्या जातीचे राजे. पेन्सिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपांच्या दांड्यांना चिकटणारे मेण कामगार भाजल्या-कापल्यावर लावत असत. रॉबर्ट चेसब्रो या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते पाहिले, शुद्ध केले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. मिनेसोटाच्या हिवाळ्यात कातडीतली ओल टिकवण्यात याची बरोबरी करणारे पदार्थ आजही थोडेच आहेत. ते औषध नाही, नुसते झाकण आहे. पण झाकणच हवे असते तेव्हा उत्तम.

दुसऱ्या जातीत ग्लिसरीन. स्वस्त, जुने आणि अजूनही उत्तम. महागड्या सीरमवरची यादी पाहिली तर पाण्यानंतर दुसरे नाव बहुधा याचेच निघते.

तिसऱ्या जातीत आपले मुठेल. कोकमाच्या बियांतून निघणारे हे तेल त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्याने साध्या तापमानाला घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेच्या थोडे वर वितळते. म्हणून आजी ते पळीत गरम करून टाचांच्या भेगांत सोडत असे. भेग भरायची, थंड झाले की तिथेच घट्ट बसायचे. हेच तेल आज अमेरिकन क्रीमच्या यादीत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' या भारदस्त नावाने येते आणि बाटलीची किंमत वाढवते. यादीतली वनस्पतींची नावे लॅटिन असतात म्हणून आपण बिचकतो. 'कोकोस न्यूसिफेरा' म्हणजे नारळ, 'सेसॅमम इंडिकम' म्हणजे तीळ, 'सँटॅलम आल्बम' म्हणजे चंदन आणि 'कर्क्युमा लाँगा' म्हणजे हळद. एवढे पाठ केले तरी अर्धे कोडे सुटते.

उटण्याचे काम वेगळे. अभ्यंगाच्या तेलाने भिजलेल्या अंगावर मुलतानी माती, कचोरा, नागरमोथा, वाळा यांची पूड चोळली की जादा तेल ती शोषून घेते आणि मळही निघतो. साबणाने तेल धुवून निघते, पण साबण आम्लारीधर्मी आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी. म्हणून साबणाने अंग ताणल्यासारखे होते, उटण्याने होत नाही. यात चमत्कार काही नाही, साधे पदार्थविज्ञान आहे.

आणि हळद? तिचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. तो वाळलेल्या हळदीत वजनाने सुमारे तीन टक्के असतो. प्रयोगशाळेच्या नळीत कर्क्युमिन अनेक गोष्टी करून दाखवते. पण ते टिकाऊ नाही. म्हणून तर हळदीचा डाग उन्हात उडतो. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी त्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. शंभरावर वैद्यकीय चाचण्या होऊनही काटेकोर कसोटीला उतरलेले यश त्यांना सापडले नाही. याचा अर्थ आई चुकली असा नाही. तिने हळद दाबली, त्याने रक्त थांबायला मदत झाली, जखम झाकली गेली. पण क्रीमच्या यादीत अगदी शेवटी, फिनॉक्सिइथॅनॉलसारख्या टिकाऊ द्रव्याच्याही नंतर हळदीचा अर्क लिहिला असेल, तर तो बहुधा एक टक्क्यापेक्षाही कमी. तो त्वचेसाठी नसतो. डबीवर हळकुंडाचे चित्र काढता यावे म्हणून असतो.

गोरेपणाचा हिशोब

इथवरचा विषय पैशाचा झाला. फार तर चार डॉलर जास्त जातील. पण कपाटात एक कोपरा असा आहे की तिथे यादी न वाचण्याची किंमत शरीराने द्यावी लागते. तो कोपरा गोरेपणाचा.

चरकाने त्वचेसाठी दहा 'वर्ण्य' द्रव्ये सांगितली. त्यांत चंदन, वाळा, मंजिष्ठा, ज्येष्ठमध आहेत. वर्ण्य म्हणजे कांती सुधारणारे. सावळ्याचे गोरे करणारे नव्हे. गोरेपणाची बाटली हा अलीकडचा व्यापार. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आणले. त्यातले मुख्य द्रव्य नायासिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. कातडीतले रंगाचे कण ज्या पेशींत तयार होतात तिथून वरच्या पेशींकडे जाण्याचे त्यांचे काम ते थोडे मंदावते. परिणाम मर्यादित असतो आणि लावायचे थांबवले की जातो. द्रव्य म्हणून ते सौम्य आहे, आज अमेरिकन सीरममध्येही ते मानाने मिरवते. त्याच्या जाहिरातींनी मुलींच्या मनावर जे केले ते मात्र सौम्य नव्हते. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर' काढला. आपल्या मंडळांच्या वधू-वर सूचीतली 'गोरी' ही अट एके काळी किती सहज छापली जाई, तेही या निमित्ताने आठवावे.

हायड्रोक्विनोन हे त्यापेक्षा जहाल द्रव्य. या कुळाचा गुण ध्यानात आला तो अपघाताने. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले. शोध घेतल्यावर त्यांच्या रबरी हातमोज्यांतले एक रसायन दोषी निघाले. पुढे त्याच्याच भाऊबंदांपैकी हायड्रोक्विनोन डाग घालवण्यासाठी वापरात आले. २०२० पर्यंत दोन टक्क्यांचे क्रीम इथे सहज मिळे. त्या वर्षीच्या कायद्यानंतर ते डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही.

आणि सर्वांत वाईट पारा. पाऱ्याचे क्षार रंग तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात, म्हणून चेहरा लवकर उजळतो. पण पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडे नासवतो. नैरोबीच्या डॉक्टरांनी १९७२ साली हे नोंदवले. अमेरिकेने १९७३-७४ मध्ये प्रसाधनांतून पारा जवळजवळ हद्दपार केला. दहा लाखांत एक भाग एवढी नकळत आलेली मात्राच चालते. तरी २०१९ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो इथे मेक्सिकोतून आलेल्या, भेसळ केलेल्या क्रीममुळे एका स्त्रीच्या मेंदूला भयंकर इजा झाली. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. ही बातमी २०२२-२३ची. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे १५ रुग्ण पाहिले, त्यांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. हे विष डबीवर लिहून कोणी विकत नाही. म्हणून जिथे यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही आणि आठवड्यात गोरेपणाची हमी आहे, ती डबी कितीही 'हर्बल' असली तरी घरात आणू नये.

कुंकवाचीही तीच कथा. खरे कुंकू हळदीचेच. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हाताला हळद असताना साबण लावून पाहावा, प्रयोग सिद्ध होतो. पण बाजारातली लाल पूड पुष्कळदा हळदीची नसते. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या दुकानांतून ९५ आणि मुंबई-दिल्लीहून २३ सिंदुराचे नमुने आणून तपासले. २०१७ साली छापलेल्या निष्कर्षानुसार न्यू जर्सीच्या १९ टक्के आणि भारतातल्या ४३ टक्के नमुन्यांत एफडीएच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे होते. घरात रांगणारे मूल असेल तर ही गोष्ट श्रद्धेची राहत नाही. त्याच्या हातून ते तोंडात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही.

काळ्या मेंदीबद्दलही सावध राहावे. पानांची मेंदी लालसर तपकिरी रंगते. तासाभरात काळीभोर रंगणारी 'मेंदी' म्हणजे बहुधा तेच पॅराफेनिलीनडायअमीन, ज्याने १९३३ साली डोळे घालवले होते. केसांच्या कलपात ते ताकीद छापून चालते. हातावर लावायला इथल्या कायद्याची परवानगी नाही.

आपण काय करावे?

या साऱ्यातून मला दिसते ते असे. आपली परंपरा दोन वेळा अडचणीत आली, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते: ती लिहिलेली नव्हती. पेटंट ऑफिसात आजीचे ज्ञान हरता हरता वाचले ते कुणीतरी लिहून ठेवले होते म्हणून. आणि पारा, शिसे यांचे व्यापारी आजीच्याच नावावर आपला माल खपवू शकतात ते त्या डब्यांवर काही लिहावे लागत नाही म्हणून. 'नैसर्गिक' हा शब्द यादीची जागा घेऊ शकत नाही. तसेच यादी आहे म्हणून शंभर डॉलरचे सीरम पाच डॉलरच्या ग्लिसरीनपेक्षा वीसपट गुणकारी होत नाही.

पुढच्या दिवाळीसाठी दोन गोष्टी सुचवतो. आपल्या मंडळांच्या दिवाळी बाजारात अनेक भगिनी घरी केलेले उटणे विकायला ठेवतात. ते उत्तमच असते. पण त्या प्रत्येक पुडीवर एक छोटी चिठ्ठी चिकटवावी: कोणती द्रव्ये, उतरत्या क्रमाने, इंग्रजी नावांसह, वजन, करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, तारीख. इथल्या कायद्यानुसार विक्रीच्या मालाला यादी लागतेच. पण कायद्यापेक्षाही, कुणाच्या मुलाला एखाद्या द्रव्याची ॲलर्जी असेल तर त्या आईला ते कळायला हवे.

दुसरी गोष्ट घरातली. देशात फोन कराल तेव्हा आईला, मावशीला, सासूबाईंना विचारून उटण्याचे, काढ्याचे, भेगांच्या मलमाचे माप लिहून घ्यावे. 'अंदाजाने घाल' या उत्तरावर समाधान मानू नये. मूठ म्हणजे किती, वाटी कुठली, हेही विचारावे. मराठीत लिहावे आणि खाली मुलांसाठी इंग्रजीतही लिहावे. पुढे कुणी त्यातले एखादे द्रव्य तपासून म्हणेल की याचा काही उपयोग नाही, तर ते ऐकून घ्यायची तयारीही ठेवावी. आणि एखाद्याचा उपयोग आहे असे निघाले, तर ते कुणाच्या घरात, कधीपासून वापरात होते, हे सांगणारा कागद आपल्याजवळ असेल.